पाणी बदला, पण टाकी धुऊ नका

तुम्ही दिलेला तपशील आधी एकत्र मांडतो, कारण उत्तर त्यातच दडलंय. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३६ उंच टाकी. चार लहान गोल्डफिश. मागच्या काचेवर लटकवलेला फिल्टर, त्यात एक स्पंज आणि कोळशाची पिशवी. टाकी लावून तीन महिने झाले. दर रविवारी तुम्ही मासे बादलीत काढता, सगळं पाणी ओतून देता, खडी धुता, काचा घासता, स्पंज नळाखाली स्वच्छ होईपर्यंत पिळता आणि ताजं पाणी भरता. सोमवारी टाकी लख्ख. बुधवारपासून पाणी दुधाळ. शुक्रवारी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतात. एक गेला, दुसरा कोपऱ्यात सुस्त पडलाय. आणि तुमचा प्रश्न असा, की यापेक्षा मोठा फिल्टर कोणता घेऊ?

फिल्टर लहान असेलही, त्यावर पुढे येतो. पण मोठा आणून तोही दर रविवारी नळाखाली पिळलात तर फरक पडणार नाही. तीन महिने झाले तरी तुमच्या टाकीत खऱ्या अर्थाने फिल्टर तयारच झालेला नाही. मोटर आहे, स्पंज आहे, पाणी फिरतंय. पण त्या स्पंजवर जे बॅक्टेरिया वाढायला हवेत, ते तुम्ही दर आठवड्याला धुऊन टाकताय. तुम्ही जरा आळशी असतात तर मासे कदाचित बरे राहिले असते.

मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतात. विष्ठा आणि न खाल्लेलं अन्न कुजूनही तोच तयार होतो. फिल्टरमधले एका गटाचे बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. अमोनिया आणि नायट्राइट हे थेट विष. नायट्रेट त्यामानाने सौम्य, ते पाणी बदलून काढता येतं. ही तिन्ही द्रव्यं पाण्यात दिसत नाहीत. म्हणून 'पाणी तर अगदी स्वच्छ होतं, तरी मासे मेले' हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकायला मिळतं.

हे बॅक्टेरिया पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटून राहतात: स्पंजवर, खडीवर, थोडे काचांवर. तुम्ही रविवारी नेमक्या याच तीन जागा घासता. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर पिळण्यातून वाचलेल्यांचाही तिथे निकाल लागतो. शिवाय हे बॅक्टेरिया हळू वाढणारे. कुजकं खाणारे सामान्य बॅक्टेरिया सोयीच्या परिस्थितीत तासाभरात दुप्पट होऊ शकतात. अमोनिया मोडणाऱ्यांना त्यासाठी बरेच तास, कधी दिवसही लागतो. त्यामुळे नव्या टाकीत हे चक्र बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि तुम्ही दर सातव्या दिवशी पुन्हा शून्यावर येता.

बुधवारचा दुधाळपणा यातूनच येतो. सगळं धुतलेल्या टाकीत अन्न पडतं, मासे घाण करतात आणि रिकामं मैदान पाहून भराभर वाढणारे बॅक्टेरिया थेट पाण्यातच माजतात. ते स्वतः माशांना सहसा काही करत नाहीत, पण ऑक्सिजन ओढून घेतात. इकडे अमोनिया चढत असतो. शुक्रवारी मासे वर येतात ते या दोन्हींमुळे, असा माझा अंदाज आहे.

अंदाज म्हणतोय, कारण मोजमाप केल्याशिवाय कोणी खात्रीने सांगू नये. तरी मासे केव्हा तडफडतात यावरून बरंच कळतं. ताजं पाणी भरल्यावर मिनिटांत किंवा तासाभरात धाप लागली तर संशय क्लोरीनवर किंवा तापमानातल्या फरकावर. दोन-चार दिवसांनी, हळूहळू वाढत गेली तर अमोनिया किंवा नायट्राइट. फक्त पहाटे आणि दिवे लागल्यावर दोन तासांत ठीक, असं असेल आणि टाकीत भरपूर वनस्पती असतील तर रात्रीचा ऑक्सिजनचा तुटवडा. फिल्टर रात्रभर बंद ठेवणाऱ्यांकडेही हेच दिसतं. मोटर 'थंड व्हावी' म्हणून फिल्टर बंद ठेवणारे लोक आहेत. तुम्ही त्यातले असाल तर ते आजपासून थांबवा. फिल्टर चोवीस तास चालतो.

आता टेस्ट किट. थेंबांचं घ्या, पट्ट्यांचं नको. पट्ट्या कल दाखवतात, पण लिटरमागे ०.२५ आणि ०.५ मिलिग्रॅम यातला फरक त्यांच्यावर नीट वाचता येत नाही आणि तुमचा सगळा खेळ त्याच दोन आकड्यांमध्ये आहे. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी) आणि केएच (पीएच स्थिर ठेवणारी पाण्यातली कार्बोनेटं, ती अंशांत मोजतात) एवढ्या पाच गोष्टी लागतील. नायट्रेटच्या किटमध्ये बहुधा एक बाटली जोरजोरात हलवून घ्यायला सांगितलेलं असतं. ते कंटाळून सोडू नका, कारण तळाशी बसलेली पूड मिसळली नाही तर आकडा खोटा कमी येतो.

अमोनियाचा आकडा एकटा वाचायचा नसतो. किट एकूण अमोनिया दाखवतं. त्यातला काही भाग अमोनियम या रूपात असतो, तो फारसा बाधत नाही. खरा घातक मुक्त अमोनिया. त्यांचं प्रमाण पीएच आणि तापमान ठरवतं. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना एकूण अमोनियाचा अर्धा-पाऊण टक्काच मुक्त असतो, पीएच ८ ला सुमारे पाच टक्के. म्हणजे किटवर १ मिलिग्रॅम प्रति लिटर दिसलं तर पहिल्या टाकीत घातक भाग ०.००६ आणि दुसरीत ०.०५. कल्ले दुखावण्याची पातळी साधारण या दुसऱ्या आकड्याच्या आसपास धरतात. सारख्याच आकड्यावर एकाचे मासे आरामात आणि दुसऱ्याचे मरणपंथाला, यात गूढ काही नाही. तुमचा पीएच मला माहीत नाही. तो पावणेआठच्या वर निघाला तर अमोनियाचा अर्धा मिलिग्रॅमसुद्धा गांभीर्याने घ्या.

नायट्राइट वेगळ्या वाटेने मारतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजन वाहून नेण्याच्या कामातून बाद करतो. पाण्यात ऑक्सिजन असून मासा गुदमरतो, कल्ले तपकिरी दिसायला लागतात. यावर एक साधा, स्वस्त उपाय आहे: मीठ. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांवर नायट्राइटला आत शिरू देत नाही. दर १० लिटरला दीड-दोन ग्रॅम साधं, बिनआयोडीनचं मीठ पुरतं. गोल्डफिशला एवढं सहज चालतं. मात्र फिल्टरमध्ये झिओलाइट (अमोनिया शोषून धरणारे खडे) टाकलेलं असेल तर ते आधी काढा, मिठामुळे ते धरून ठेवलेला अमोनिया परत पाण्यात सोडतं.

इथपर्यंतचं थोडक्यात: मासे अमोनिया करतात, तो मोडणारी वसाहत स्पंजवर आणि खडीवर असते, तुम्ही ती टिकू देत नाही. पण याचा अर्थ 'आता काही करायचंच नाही' असा काढू नका. तसं केलंत तर आगीतून फुफाट्यात पडाल, कारण वसाहत तयार होईपर्यंतचा अमोनिया कुठे तरी जायला हवा. धुणं आणि पाणी बदलणं ही दोन वेगळी कामं आहेत. तुम्ही ती एकत्र करत आलात. पहिलं थांबवायचं, दुसरं वाढवायचं.

या आठवड्यात असं करा. आज टाकीतलं निम्मं पाणी सायफनने काढा, मासे टाकीतच राहू द्या. खडी धुऊ नका, फक्त वरवर पडलेली घाण सायफनच्या तोंडाने ओढून घ्या. स्पंजला हात लावू नका. भरायचं पाणी टाकीच्या तापमानाच्या एक-दोन अंशांत असू द्या आणि त्यातला क्लोरीन आधी घालवा. दोन दिवस खायला देऊ नका. सुदृढ गोल्डफिशचं त्याने काही बिघडत नाही. त्यानंतर दिवसातून एकदाच, मिनिटभरात संपेल एवढं. एअर पंप असेल तर लावा, नसेल तर टाकीतली पातळी थोडी खाली ठेवा, म्हणजे फिल्टरचं पाणी उंचावरून पडून पृष्ठभाग ढवळला जाईल. २५ अंशाच्या गोड्या पाण्यात जास्तीत जास्त सव्वाआठ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला साडेसात. उकाडा वाढला की माशांची गरज वाढते आणि साठा घटतो.

पाणी किती बदलायचं हे नंतर रोज किट सांगेल. अमोनिया आणि नायट्राइट मिळून अर्ध्या मिलिग्रॅमच्या वर गेले की निम्मं बदला. त्याखाली असतील तर त्या दिवशी काही करू नका. सुरुवातीला जवळपास रोज बदलावं लागेल, कंटाळा येईल. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरायला लागून नायट्राइट चढेल आणि हा दुसरा टप्पा जास्त रेंगाळतो. अमोनिया शून्यावर आला म्हणून मोहीम संपली असं समजून लोक सैल पडतात आणि नेमके तेव्हा मासे जातात.

पाणी कसं तयार करायचं हे तुमच्या नळात काय येतं त्यावर अवलंबून आहे. साधा क्लोरीन असेल तर उघड्या भांड्यात एअरस्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड) सोडून दिवसभर ठेवलेलं पाणी चालतं. क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर नुसतं ठेवून ते जात नाही, त्याला औषधच लागतं. सोडियम थायोसल्फेटची साधी अँटिक्लोरीन औषधं क्लोरामाइन मोडतात खरी, पण त्यातून सुटलेला अमोनिया मागे राहतो. म्हणून एकदा औषध घातलेल्या ताज्या पाण्याचीही अमोनिया टेस्ट करून ठेवा, नाही तर आकडा टाकीतून येतोय की नळातून हे कळणार नाही. बादलीत औषध मिसळत असाल तर मात्रा बादलीची. पाणी थेट टाकीत भरत असाल तर मात्रा सगळ्या टाकीची.

आरओचं पाणी वापरणाऱ्यांची गोष्ट निराळी. आरओच्या पाण्यात केएच जवळपास नसतो आणि केएच हा पीएचला धरून ठेवणारा आधार आहे. बॅक्टेरिया अमोनिया मोडताना हा आधार खातात. साधा हिशोब असा, की टाकीत आठवड्याला नायट्रेट १० मिलिग्रॅमने वाढत असेल तर केएच सुमारे एका अंशाने उतरतो. ताज्या पाण्यातून भरपाई झाली नाही तर काही आठवड्यांत पीएच सहाच्या आसपास किंवा खाली कोसळतो, तिथे बॅक्टेरिया काम जवळपास थांबवतात आणि अमोनिया साचत जातो. पीएच कमी असल्याने तो अमोनियमच्या रूपात असतो, मासे निमूट जगत राहतात. मग एक दिवस मालक मनावर घेऊन निम्मं पाणी बदलतो, पीएच झटक्यात वर जातो, साचलेलं सगळं मुक्त अमोनियात बदलतं आणि संध्याकाळपर्यंत टाकी उलटते. दोष मात्र नव्या पाण्यावर जातो. तुम्ही दर आठवड्याला सगळं पाणी बदलत आल्यामुळे तुमच्या टाकीत हा धोका नाही, म्हणूनच तुम्हाला निम्मं बिनदिक्कत बदला म्हणालो. महिनोन् महिने पाणी न बदललेल्या टाकीवाल्याने मात्र रोज दहा-पंधरा टक्क्यांनी सुरुवात करावी.

पीएच कमी करणाऱ्या बाटल्यांच्या नादी लागू नका. केएच चांगला असेल तर पीएच दोन दिवसांत पुन्हा मूळ पदावर येतो आणि माशांना मधला हिंदोळा फुकट भोगावा लागतो. गोल्डफिशला साडेसात-आठचा स्थिर पीएच छान मानवतो.

बाटलीतल्या बॅक्टेरियांचं काय? उपयोग होऊ शकतो, भरवसा देता येत नाही. कुठल्या जाती कामाच्या यावर समज बदलत आलीय. अनेक वर्षं नायट्राइट मोडण्याचं श्रेय नायट्रोबॅक्टरला दिलं जायचं. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम नायट्रोस्पायरा करतात असं दिसलं. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं सगळं काम एकटेच करणारे नायट्रोस्पायरा सापडले. बाटलीत नेमकं काय आहे, साठवणीत ते जिवंत राहिलंय का, हे तुम्हाला बाहेरून कळत नाही. त्यापेक्षा एखाद्या ओळखीच्या माणसाच्या जुन्या, निरोगी टाकीतल्या फिल्टरच्या स्पंजचा तुकडा मागून आणा. ओलाच आणायचा, तासाभरात आपल्या फिल्टरमध्ये ठेवायचा. चार-सहा आठवड्यांचं काम त्याने बरंच लवकर उरकतं. मात्र त्या टाकीत आजारी मासे नाहीत याची खात्री करा, कारण परजीवीही त्याच तुकड्यातून येतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, फिल्टर. टाकीचं बाहेरचं माप ६५ लिटर भरतं, पण खडी आणि वरची मोकळी जागा सोडली की प्रत्यक्षात पाणी ५५ च्या आसपास. ताशी चार-पाच वेळा सगळं पाणी फिरावं असं सर्वसाधारण गणित, गोल्डफिश फार घाण करतात म्हणून मी सहापर्यंत जातो. म्हणजे ताशी साडेतीनशे लिटरपर्यंत. खोक्यावरचा आकडा बहुतेकदा आत स्पंज, रिंगा असं काही न भरता मोजलेला असतो, तेव्हा खोक्यावर चारशे-साडेचारशे लिहिलेलं असू द्या. पण प्रवाहापेक्षा आतल्या पृष्ठभागाला महत्त्व आहे. जोरात फिरणारं पाणी एका पातळ स्पंजमधून गेलं तर बॅक्टेरियांना घर कुठे मिळणार?

तुमच्या फिल्टरमधली कोळशाची पिशवी काढा. सक्रिय कोळसा अमोनिया काढत नाही. औषधोपचारानंतर उरलेलं औषध किंवा लाकडाचा पिवळेपणा काढायला तो उत्तम आहे, पण काही आठवड्यांत भरतो आणि मग नुसती जागा अडवतो. त्या जागी सिरॅमिक रिंगा किंवा जाड स्पंज टाका. पाणी आधी स्पंजमधून, मग रिंगांतून जाईल अशी रचना ठेवा, म्हणजे रिंगांवर गाळ बसणार नाही.

स्पंज कधी धुवायचा? तारीख बघून नाही, प्रवाह बघून. फिल्टरमधून पडणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली की सायफनने काढलेल्या टाकीच्याच पाण्यात स्पंज दोन-तीनदा दाबून काढायचा. तपकिरी राहिला पाहिजे. पांढरा झाला तर जास्त झालं. स्पंज आणि रिंगा एकाच दिवशी धुवायच्या नाहीत आणि त्याच दिवशी खडीही उपसायची नाही. स्पंज झिजला तर निम्मा कापून नवा जोडा, उरलेला महिनाभराने बदला. दर महिन्याला फिल्टरचं आख्खं काडतूस (कार्ट्रिज) फेकून नवं बसवा असं खोक्यावर छापलेलं असतं. तो सल्ला माशांच्या सोयीचा नाही.

वीज जाण्याचा प्रश्न असेल तर लटकवायच्या फिल्टरला एक-दोन तास काही होत नाही. बंद डब्याच्या कॅनिस्टरमध्ये मात्र ऑक्सिजन लवकर संपतो. तो कित्येक तास बंद राहिला तर चालू करण्याआधी आतलं कुजकं पाणी ओतून द्या, थेट टाकीत सोडू नका.

चक्र बसल्यावर पाणी किती बदलायचं, याचंही एक सोपं गणित आहे. आठवड्याला नायट्रेट जेवढं वाढतं, त्याला तुम्ही बदलता त्या हिश्शाने भागा. वाढ १० मिलिग्रॅम आणि बदल पाव टाकी असेल तर बदलण्याआधीचा आकडा कालांतराने ४० वर स्थिरावतो. निम्मी टाकी बदललीत तर २० वर. नळाच्या पाण्यातच नायट्रेट असेल तर तेही त्यात मिळवा. मी गोल्डफिशच्या टाक्यांत ४० ही वरची हद्द मानतो आणि २० च्या आसपास राहणं पसंत करतो. तुमच्याकडे आठवड्याला ४० ते ५० टक्के लागेल असं वाटतं, पण तुमचे आकडे काय म्हणतात ते खरं.

एक अप्रिय गोष्टही सांगतो. ५५ लिटर पाण्यात उरलेले तीन गोल्डफिश आज मावतात, वर्षभराने मावणार नाहीत. गोलमटोल जातीही १५ सेंटिमीटरपर्यंत जातात, लांबट शरीराचे त्याच्या दुप्पट. कुठलाही फिल्टर पाण्याचं आकारमान वाढवत नाही. मोठी टाकी शक्य नसेल तर मासे कमी करण्याचा विचार करा, आणि हे सहा आठवडे संपेपर्यंत गेलेल्याच्या जागी नवा मासा तर अजिबात आणू नका.

रोजचे आकडे तारखेसह लिहून ठेवा आणि दोन आठवड्यांनी मला पाठवा. त्यात पीएच, केएच आणि नळाच्या ताज्या पाण्याचे आकडेही हवेत. त्यावरून मोठा फिल्टर खरंच लागतोय का ते सांगता येईल. घेतलातच तर जुना काढू नका. दोन्ही चार-सहा आठवडे शेजारी चालू द्या आणि मग जुना स्पंज, न धुता, नव्याच्या आत ठेवा.